मागची सीट नसलेली गाडी

गाडी दारात आली त्या दिवशी मी तिच्या स्टेपनीची पूजा केली. नुसती पूजा केली असती तर निभावलं असतं. मी गाडी विकणाऱ्या माणसाला फोन करून चोरही म्हटलं.

झालं असं. आमच्या ह्यांनी अंबड एमआयडीसीतला छोटा कारखाना मुलाच्या हाती सोपवला आणि थोड्याच दिवसांत मुंबईच्या एका माणसाकडून जुनी गाडी घेतली. जुनी, जपानी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी आणि हळदीसारखी पिवळीधमक. पोरं शाळेत होती तेव्हा ह्यांनी मासिकातून कापलेलं तिचं चित्र आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं, गडावरच्या देवीच्या फोटोखाली. साडी काढताना रोज दिसायचं. मला वाटायचं, पुरुषांना असतात असले नाद, चित्रावर भागतंय तर भागू दे. ते चित्र एक दिवस ट्रकवरून खाली उतरेल असं कुणाला वाटलं होतं!

तेव्हाची मी म्हणजे साठी ओलांडलेली आणि स्वतःला फार शहाणी समजणारी बाई. हे ट्रकवाल्यांना चहा पाजत होते, तोवर मी ताट घेऊन पुढे झाले. आमच्याकडे नव्या वाहनाचं बॉनेट उघडून आधी इंजिनाला हळदकुंकू लावतात. दसऱ्याला कारखान्यातल्या मशीनला लावतात, तसंच. चष्मा देवघरात राहिला होता. आत काहीतरी काळं, गोल दिसलं. मी त्याला हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं, हात जोडले. शेजारीण वाकून बघत म्हणाली, "वहिनी, ही तर स्टेपनी आहे. इंजिन कुठंय?"

इंजिन नव्हतंच! गाडी ट्रकवरून आलेली, चालताना कुणी पाहिलेली नाही. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ह्यांना न सांगता मी टेबलावरच्या कागदांतून नंबर शोधला आणि फोन लावला.

"इंजिनाच्या जागी स्टेपनी घालून पाठवलीत? म्हाताऱ्या माणसाला फसवताना लाज नाही वाटली? चोर कुठले! इंजिन कधी पाठवताय ते सांगा!"

पलीकडचा माणूस फार सभ्यपणे म्हणाला, "काकू, तुम्ही गाडीच्या मागच्या बाजूला जाता का? सीटच्या मागे काच आहे बघा. तिच्याखाली बघा."

बघितलं. होतं. चांगलं ऐसपैस बसलं होतं. मी फोन ठेवून दिला.

हे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. "अगं, हिचं इंजिन माणसांच्या पाठीशी असतं. वजन मधोमध राहतं, म्हणून वळणावर तोल जात नाही," असं सांगता सांगता हसून हसून ह्यांचाच तोल गेला. शेजारणीला तर गेटला धरून उभं राहावं लागलं.

माझी फजिती झाली की मला राग येतो, आणि राग आला की कारण मी मागाहून शोधते. कारण समोरच होतं. गाडीला मागची सीटच नव्हती. पुढे दोन, बस्स.

"घरात माणसं किती, सीटा किती!" मी म्हटलं. "एकट्याने फिरायला आणलीय, असं सरळ सांगा की. मी नाही बसणार हिच्यात."

हे हसायचे थांबले. "बरं," म्हणाले आणि गाडीवर कापड घालायला गेले.

आता तुम्हाला आमच्या आधीच्या गाड्यांबद्दल सांगायला हवं. गाड्या बदलल्या, माझी जागा बदलली नाही. कळवणला गावी निघालो की सासूबाई पुढे, कारण त्यांना गाडी लागायची. "मागं बसले का पोटात लय ढवळतं बाई," असं म्हणून त्या ह्यांच्या शेजारी बसायच्या आणि वणी येईपर्यंत घोरायला लागायच्या. पुढे मुलाचे पाय लांब झाले, म्हणून तो पुढे. मग सुनेला दिवस गेले, म्हणून ती पुढे. मी कायम मागे, मधोमध, मांडीवर डबा, पायाशी कांद्याची पिशवी, आणि दोन सीटांच्या फटीतून ह्यांचा एक कान दिसायचा. त्या कानाशी मी वर्षानुवर्षं एकच ओरडत आले, "अहो, हळू घ्या! मागे माणसं बसलीत!" आणि हे हळू घ्यायचे. वेगाचं वेड असलेल्या माणसाने जन्मभर बैलगाडीसारखी गाडी हाकली.

तर मी पिवळ्या गाडीत बसले नाही. दर रविवारी सकाळी हे एकटे मिसळ खायला जायचे. निघताना दाराशी थांबून विचारायचे, "येतेस?" मी म्हणायचे, "दूध गॅसवर आहे." कितीतरी रविवार आमच्याकडे दूधच तापत होतं. परत आले की तिकडच्या गमती सांगायचे. गाडीभोवती गर्दी कशी जमते, स्पीडब्रेकरवर तिरपी घातली नाही तर पोट कसं घासतं, आणि एक जण दर वेळी न चुकता कसा विचारतो, "काका, अ‍ॅव्हरेज किती देते?" मी ऐकून घ्यायचे, पण हसायचे नाही. मूर्खपणा करावा तर असा, नीट सांभाळून.

मग ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, बाजूचं विझत चाललं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाडी चालवणं बंद. घरी येऊन जेवताना हे म्हणाले, "विकून टाकतो. उभी राहून खराब होईल बिचारी."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येणार म्हणून मी फडकं घेऊन खाली गेले. पुसायला आत बसावंच लागलं. साडी सावरत, आधी बूड, मग पाय, असं करत मी डाव्या सीटवर घरंगळले. आणि माझे पाय टेकले.

तुम्ही उंच असाल तर यात काय मोठंसं, असं वाटेल. मी इतकी बुटकी आहे, की बसमध्ये, थिएटरात, लोकांच्या सोफ्यावर, सगळीकडे माझे पाय लोंबकळतात. इथे ती सीट पार पुढे ओढून ठेवलेली होती. पाठीमागे पातळ उशी होती, माझ्याच जुन्या इरकलीची. एवढ्या रविवारांत तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. उशीला सुरकुतीसुद्धा नव्हती.

मी तिथूनच हाक मारली. हे कठड्याला धरून खाली आले.

"ही सीट कुणी ओढली पुढे?"

"मीच. तुझे पाय लोंबकळले असते."

"आणि दोनच सीटांची कशाला घेतलीत?"

हे पुसलेली काच पुन्हा पुसायला लागले. "तीन असत्या, तर तू तिसरीवर बसली असतीस."

मी गाडीतून उतरले नाही. तिथूनच गिऱ्हाइकाला फोन केला, गाडी विकायची नाही म्हणून. या खेपेला सॉरी म्हटलं.

पण नुसतं बसून काय उपयोग? हे चालवू शकत नव्हते. आता आम्ही दोघं हिच्यात एकदा तरी फिरायचं, तर चालवणारी मीच. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा पोरगा पहिले दिवस "आजी, छान" म्हणायचा. नंतर म्हणायला लागला, "आजी, क्लच म्हणजे पायपुसणं नाहीये." पहिल्या परीक्षेत नापास झाले. दुसऱ्या वेळी आरटीओचे साहेब म्हणाले, "आजी, या वयात कुठे जायचंय?" मी म्हटलं, "मिसळ खायला." पास झाले.

शनिवारी एमआयडीसीला सुट्टी, रस्ते मोकळे. निघण्यापूर्वी मी ताट घेऊन गाडीच्या मागे गेले आणि चष्मा लावून काचेवर कुंकू लावलं. हे हसले नाहीत. माझ्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. म्हटलं, "मागे घ्या ना ती."

"राहू दे. तुझी आहे."

मी गाडी सुरू केली. पाठीमागे कुणीतरी मोठ्याने घसा खाकरावा तसा आवाज झाला. कारखान्याचं बंद गेट गेलं. स्पीडब्रेकर आला, तो मी तिरपा घेतला, पोट घासलं नाही. मोठी शूर! तेवढ्यात किटल्या लावलेला सायकलवरचा दूधवाला घंटी वाजवत आमच्या पुढे निघून गेला.

हे माझ्याकडे वळले. माझा चेहरा नीट दिसावा म्हणून आता ह्यांना पूर्ण मान वळवावी लागते. म्हणाले,

"अगं, घे की जरा जोरात. मागे कुणी नाही बसलेलं."