नानांच्या कागदावरून गाळलेली ओळ

थांबा — आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही. तीन वर्षं झाली, कुणाला म्हणजे कुणाला बोललेली नाही. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्याच मशिनवर बडवतेय, चुका झाल्या तर होऊ देत.

मी रेडिओत टायपिस्ट. मूळची घिवलीची, कोळ्याची पोर. आई लवकर गेली, जानकीआत्यानं वाढवलं, मासळी विकून टायपिंग शिकवलं. आणि मी ऑफिसात काय सांगते? "पालघरची. घरी दुकान आहे." का? — सुकटीच्या नुसत्या नावानं नाक दाबणाऱ्या बायका शेजारी बसतात म्हणून. एवढंच.

खरं फक्त नानांना माहीत. नाना आमचे जुने निवेदक, मच्छीमारांचा कार्यक्रम करायचे. तरुणपणी ते घिवलीला यायचे तेव्हा वारा, भरती, जाळी, सगळ्याचे शब्द आत्यानंच शिकवले त्यांना. बोंबील वाळत घालता घालता! चुकले की म्हणायची, "मास्तर, असं बोललास तं म्हावरं पन हसंल तुला." मला ही नोकरीही नानांनीच लावली.

नाना निवृत्त झाले. शेवटच्या कार्यक्रमात सगळ्यांचे आभार मानायचे होते. ते सांगत गेले, मी उतरवून घेतलं. त्यात होतं — 'घिवलीच्या जानकीबाई माझ्या गुरू. आपल्या टायपिस्टबाईंच्या त्या सख्ख्या आत्या.'

टाईप करताना ती ओळ मी... गाळली. अख्खी. चुकून? नाही हो. उलट हात भराभर चालला.

आमच्याकडे कागदावर असतं तेच माइकवर वाचायचं. त्यात नानांना दिसायचं कमी. वाचून बाहेर आले आणि थबकले. "अगं, जानकीबाईंचं राहिलं का गं?"

"घेतलंत की नाना!"

"घेतलं? — वय झालं बघ माझं."

आणि तिकडे? नानांनी आत्याला आधीच पत्र धाडलं होतं. तिनं सगळी आळी ट्रान्झिस्टरभोवती बसवलेली. मधे थोडी खरखर झाली, नाव काही ऐकू आलं नाही. रविवारी घरी गेले तर दारातच विचारते, "काय गो, माजं नाव आलं तवाच खरखर लागली काय?"

मी म्हटलं, "हो आत्या. बोईसरपर्यंत सगळीकडे लागली."

केवढी खूश झाली ती!

अजून बोईसरच्या बाजारात बसते. बायका चिडवतात, "काय रेडूवाले, आलं काय नाव?" ती ठासून सांगते, "घेतलं व्हतं! माजी भाची थितंच कामाला हाय, इचारा तिला."

विचारतात. मी 'हो' म्हणून मान हलवते.

नाना गेल्या वर्षी गेले. आपलंच डोकं चालेना झालंय असं समजून गेले. ते आभार आता कोण मानणार? आत्याला खरं कळलं तर ती मोडून पडेल म्हणून गप्प आहे, असं म्हणू? छे. हिंमत नाही माझ्यात. या खोलीत मी अजून पालघरचीच आहे.

तुमच्या हातून झालंय का कधी असं — ज्या माणसानं बोटाला धरून वर आणलं, त्याचंच नाव तुम्ही खोडलंत, असं?