नानांचा अर्धा तास

नानांच्या विश्रांतीतला अर्धा तास मी चोरला. एकदा नाही, तीनदा. आणि चोरी पकडली जाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडावर खोटं बोललो.

जळगावच्या तरण तलावावर रोज सकाळी पोहणारे आम्ही तिघे, म्हणजे मी, बँकेतला एक मित्र आणि असोद्याचे नाना. बारा तासांच्या सांघिक पोहण्याच्या स्पर्धेसाठी चौथा घेतला धुळ्याचा एक शिक्षक, आमच्यात सर्वांत वेगवान. स्पर्धा सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. एक बाहेर आला की दुसऱ्यानं उतरायचं, आणि चौघांचं मिळून अंतर मोजायचं.

वेळापत्रक माझ्याकडे होतं. प्रत्येकानं अर्धा तास पोहायचं, दीड तास पडून राहायचं. नाना साठीचे, केळीवाले, विहिरीत पोहायला शिकलेले. बैठकीत ते एवढंच म्हणाले, "आमच्या विहिरीवर तिघा भावांच्या पाण्याच्या पाळ्या आहेत. भांडण झालं तरी कोनी कोनाची पाळी मोडत नाही. तसं ठेव, भाऊ."

"ठेवतो," मी म्हणालो.

दुपारी बाराच्या सुमारास बँकवाल्याच्या पोटरीत गोळा आला आणि तो बाहेर बसला. उरलो तिघे. आता प्रत्येकाला तासभरच विश्रांती मिळणार होती. वेग थोडा कमी करायला हवा होता. पण आम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतो, आणि शेवटच्या तासासाठी मला शिक्षक ताजा हवा होता. खरं सांगायचं तर मलाही माझा दीड तास सोडवेना. बँकवाल्याच्या सगळ्या पाळ्या मी गुपचूप नानांच्या माथी मारल्या, म्हणजे त्यांना दर वेळी अर्धाच तास पडायला मिळणार होता.

नाना पोहताना चष्मा पिशवीत ठेवायचे. भिंतीवरचं घड्याळ त्यांना दिसत नसे. कडुनिंबाखाली सतरंजीवर पडायचे, तोंडावर टॉवेल.

"उठा नाना, झाला तास."

दुसऱ्यांदा उठवलं तेव्हा ते बसूनच राहिले. "एवढ्यात तास झाला? मले त वाटलं, आत्ताच डोकं टेकलं."

"झाला की. घोरत होतात चांगले."

ते हसले. "म्हतारं झालो रे," म्हणाले आणि टोपी चढवून पाण्यात उतरले.

तिसऱ्या वेळी तलावाच्या मध्यावर त्यांचे हात थांबले. दोराला धरून ते नुसते श्वास घेत राहिले. दोघांनी त्यांना काठावर आणलं. ओठ निळसर पडले होते. थोड्या वेळानं सावरले आणि सगळ्यांची माफी मागू लागले. "माह्यामुळे संघ मागं पडला." मी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. तेव्हाही खरं सांगितलं नाही.

आम्ही तिसरे आलो.

त्यानंतर नाना तलावावर आले नाहीत. बँकवाला मध्ये असोद्याला जाऊन आला. म्हणाला, ते स्वतःच्या विहिरीतही उतरत नाहीत. विचारलं तर म्हणतात, अंग आता साथ देत नाही, त्या दिवशी कळलं. चाळीस वर्षं पोहणारा माणूस माझ्या खोट्या घड्याळावर विश्वास ठेवून स्वतःला म्हातारा समजून बसला होता. हे मला ठाऊक होतं. तरी दोन वर्षं मी निरनिराळ्या कारणांनी असोद्याचा रस्ता टाळला.

गेल्या महिन्यात गेलो. नाना केळीची वाळकी पानं कापत होते. मला पाहून त्यांनी विळा ठेवला आणि विहिरीच्या काठावर जागा करून दिली.

"पोहतोस ना अजून?"

"हो. तुम्ही?"

"मी आता काठावरचा," ते खाली पाण्याकडे पाहत म्हणाले.

मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो. बसून बोलता येईना.

"नाना, त्या दिवशी तुमचं अंग थकलं नव्हतं. तास झाला म्हणून मी तुम्हाला अर्ध्या तासातच उठवत होतो. तीनही वेळा. तुम्ही विचारलंत तेव्हाही खोटं बोललो. तुमची पाळी मी मोडली. मला माफ करा."