अडीच मिली

नांदेडच्या फार्मसी कॉलेजात ती माझ्याच बाकावर बसायची. किनवटकडची, बोलणं मोजकं. कुठलीही बाटली हातात आली की लेबल ओठ हलवत दोनदा वाचायची. आम्ही हसायचो.

शेवटच्या वर्षी आम्हा दोघींचं ट्रेनिंग एका मेडिकलवर होतं. एका तान्ह्या बाळाच्या चिठ्ठीवर तापाचं औषध दहा मिली लिहिलेलं होतं. मालक म्हणाले, "डॉक्टरांनी लिहिलंय ना? दे."

तिनं समोर उभ्या बाळाच्या आईला त्याचं वजन विचारलं आणि सरळ डॉक्टरांना फोन लावला.

"साहेब, लेकरू पाच किलोचं हाय. दहा मिली लई होतंय."

डॉक्टर म्हणाले, "अडीच द्या. बरं झालं विचारलंत."

तिनं आईला झाकणात औषध मोजून दाखवलं. मी मात्र ते दहा मिली देऊन मोकळी झाले असते.