मीराचं मधलं नाव

मी निघाले त्या दिवशी आई गाडीत बसली नाही. कराडहून मुंबईच्या विमानतळाकडे निघालेल्या त्या गाडीत मी, नवरा समीर, अप्पा आणि आमच्या चार अगडबंब बॅगा, त्यामुळे जागा नव्हती हे खरंच. पण असती तरी ती आली नसती. फाटकाशी उभी राहून तिनं माझ्या हातावर दही घातलं, मी ओढणीला हात पुसला म्हणून रागावली, आणि मी रडायला लागले तशी म्हणाली, "रडायचं काय त्यात? बायकांना निघायची सवय असते." मला तो टोमणा वाटला. गाडी वळेपर्यंत मी मागे बघितलंसुद्धा नाही, इतकी मी शहाणी.

त्याला नऊ वर्षं झाली. आम्ही अमेरिकेत रेडमंडला राहतो. इथे ऑक्टोबरपासून आभाळ नुसतं गळत राहतं. धड पडत नाही, धड थांबत नाही. समीर बसने ऑफिसला जातो, मी घरूनच लॉगिन करते. तुमच्यापैकी जे तिकडे राहिलात त्यांना हे सुख वाटतं. जे इकडे आलात त्यांना मी काय सांगू?

आई गेली तेव्हा मला आठवा महिना होता. डॉक्टर विमानात बसू देईनात, आणि बसले असते तरी व्हिसाचं स्टॅम्पिंग संपलेलं, परत येऊ दिलं असतं की नाही देव जाणे. चुलतभावानं मोबाइल धरला होता, त्यात मी आईला शेवटचं पाहिलं. मग त्याला कुणीतरी खांदा द्यायला बोलावलं आणि त्यानं फोन तसाच खिशात टाकला. मी कट केलं नाही. नुसते आवाज ऐकत बसले.

महिन्याभरात मुलगी झाली. मीरा हे नाव आधीच ठरलेलं. तिकडच्यांच्या तोंडात बसतं, इकडच्यांच्याही. प्रश्न होता मधल्या नावाचा. आपल्याकडे हा प्रश्नच नसतो. मुलीला बापाचं नाव, लग्न झालं की नवऱ्याचं, विषय संपला. इथे मात्र लोक मधलं नाव कानातलं निवडावं तसं निवडतात, पहिल्या नावाला शोभेल असं. शेजारच्या लिंडानं मला शिकवलं, की पहिलं नाव छोटं असेल तर दोन्ही मिळून दारातून मोठ्यानं हाक मारून बघायची. मीरा रोझ, मीरा ग्रेस. 'मीरा समीर'ही आम्ही म्हणून बघितलं. समीरच म्हणाला, यार, कुणीतरी आम्हा दोघांवर एकदम ओरडतंय असं वाटतं. नागपूरला सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की बापाचं नाव लावलं नाही तर लोक काय म्हणतील. कुठले लोक, ते त्यांनी सांगितलं नाही.

माझं मनात कधीच ठरलं होतं. आईच्या शेवटाला मी नव्हते. निदान तिचं नाव माझ्या लेकीच्या नावात राहील, एवढं तरी तिला द्यावं. हॉस्पिटलात फॉर्म घेऊन बाई आली तेव्हा मी स्पेलिंग सांगितलं: मीरा मालती. पुढे पोस्टानं बर्थ सर्टिफिकेट आलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच मला जरा बरं वाटलं. लगेच फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला.

सगळ्यांचे अंगठे आले, जोडलेले हात आले. सुमनमावशीचं काहीच नाही. ही आईची धाकटी बहीण, वाईला असते, आता सत्तरीला टेकलेली. एरवी साध्या गुड मॉर्निंगलाही ती तीन-तीन फुलं पाठवते. चार दिवस वाट बघून मीच फोन केला. आवडलं नाही का, विचारलं. छान आहे म्हणाली. मग म्हणाली, "मालती तुमच्या घरचं नाव गं. आमची ताई इंदू होती."

तुम्ही म्हणाल, पोरीला आईचं माहेरचं नाव माहीत नसावं? मीही तेच म्हणते. पण आजोळी ती सगळ्यांची ताई, आजीसुद्धा तिला ताईच म्हणायची. लग्नात नाव बदलतात हे का मला ठाऊक नव्हतं? पण आपल्या आईचंही कुणी बदललं असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही. छत्तीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. लाज वाटते सांगायला.

अप्पांना फोन केला. त्यात विचारण्यासारखं काय आहे हेच त्यांना कळेना. घरात आधीच एक इंदू होती, म्हणाले, मोठी वहिनी. एका घरात दोन इंदू, तर हाक कुणाला मारली ते कळणार कसं? मग लग्नात अप्पांनीच ताटातल्या तांदळात 'मालती' लिहिलं, झालं.

मोठी वहिनी म्हणजे माझी इंदूकाकू. आमची नि त्यांची घरं एकाच अंगणात. आई दिवसातून वीसदा अंगणापलीकडे ओरडायची, इंदूवहिनी, दूध तापवलंत का, इंदूवहिनी, पोरं जेवली का. स्वतःच्या नावानं दुसऱ्या बाईला हाका मारत तिनं चाळीसच्या वर वर्षं काढली. आणि मी तिथेच पायरीवर अभ्यास करत बसलेली.

समीर सरळ माणूस. बाळ वर्षाचं व्हायच्या आत अर्ज केला तर नाव बदलता येतं म्हणाला, आहे काय नि नाही काय. फॉर्म डाउनलोड करून प्रिंटही काढून ठेवला. मीरा इंदू. ऐकायला बरं वाटतं, लिंडाही खूश झाली असती. पण मला ते लिहवेना. इंदू नावाच्या मुलीला मी ओळखतच नाही. मला न्हाऊ-माखू घालणारी, माझ्यावर डाफरणारी बाई मालती होती. आणि मालतीच ठेवावं, तर जे झालं त्याला मीही मान डोलावल्यासारखं होतं.

मीरा अकरा महिन्यांची झाली तेव्हा मी मावशीलाच विचारलं, तूच सांग, काय करू. तिला हल्ली कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. म्हणाली, पहिली दोन-तीन वर्षं ताई माहेरी आली की आम्ही तिला मुद्दाम 'मालतीबाई' म्हणून चिडवायचो. ती उठून परसात जाऊन बसायची. नंतर उठेनाशी झाली.

"राहू दे आता," मावशी म्हणाली. "तिनंही राहूच दिलं होतं."

मी फॉर्म भरला नाही. मीराचा पहिला वाढदिवसही होऊन गेला, आता बदलायचं म्हटलं तर कोर्टात जावं लागेल.

घर म्हटलं की पूर्वी मला कराड दिसायचं. आता तिथे अप्पा एकटे असतात, आणि त्यांना जे माहीत होतं ते सांगून झालंय. माझं घर आता वाईच्या एका फोनपुरतं राहिलंय. दर शनिवारी मी मावशीला लावते आणि एकेक विचारून घेते. इंदू कितवीपर्यंत शिकली, तिला पोहता यायचं का, ती कुणाशी भांडायची. मावशी थोडं सांगते, थोडं विसरते, मधेच भलत्याच कुणाचं सांगायला लागते. गेल्या शनिवारी बोलता बोलता तिनं मला 'ताई' म्हटलं, आणि मी दुरुस्त करेन म्हणेपर्यंत पुन्हा म्हटलं, "ताई, आहेस ना गं?"

मी ओ दिली.