महिन्यातून एकदा, तपासणीपुरता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि भुकूमच्या दोन खोल्यांत तिच्यापासून काही लपवणं सोपं नाही. तुम्हाला का सांगतोय? तेही नीट कळत नाही.

मी मूळचा परभणीचा. हिंजवडीच्या एका डेटा सेंटरमध्ये विजेचं काम बघतो. लोकांचे फोटो, निरोप सांभाळणारी यंत्रं तिथे अखंड चालतात. दुपारी ती थंड ठेवायला लाइनची वीज पुरत नाही, मग डिझेलचे जनरेटर लावायचे. कधी लावायचे, ते मी ठरवतो. धूर भिंतीपलीकडे जातो. तिथे भागूमावशींचं घर आहे. शेळ्या पाळतात. नवऱ्याला दमा आहे.

आमच्यातल्या काही जणांनी कंपनीला पत्र लिहिलं — सगळं केंद्र सौर आणि पवनविजेवर चालवा, डिझेल बंद करा. पहिल्या पाच सह्यांत माझी सही होती. मनापासून केली होती — की तेव्हाही नुसतंच बरं वाटावं म्हणून?

मग मुख्य कार्यालयातून दोन साहेब पाहणीला आले. पत्रवाल्यांनी मावशींना मुद्दाम बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "रोज दुपारचा धूर येतुया. म्हाताऱ्याला लई तरास व्हतो." साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, खरं का?

आणि मी — कुणी पढवलं नव्हतं, धमकावलं नव्हतं, बढतीचंही काही घाटत नव्हतं — मी म्हणालो, "नाही सर. महिन्यातून एकदा, तपासणीपुरता." वर हेही जोडलं, की इथे पाचोळा जाळतात, मावशींचा गैरसमज झाला असेल. आपल्या यंत्राला नावं ठेवलेली सोसवत नाहीत म्हणून बोललो? की साहेब दिसला की जीभच तशी वळते? किती उलटसुलट विचार केला — हाती काही लागत नाही. जनरेटर कधी लावले त्याची नोंदवही टेबलावरच होती. कुणी मागितली नाही. पत्रवाले बिचारे आत काचेआड संगणकावर बसणारे, जनरेटर कधी लागतात ते त्यांना ठाऊक नसतं; त्यांनी माझंच खरं धरलं.

मावशी भांडतील असं वाटलं होतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. "साहेब हितलेच हायेत, त्यास्नी ठाव आसंल," माझ्याकडे बघत एवढं म्हणाल्या आणि शेळ्यांकडे गेल्या. मला लाज वाटली. तरी मी साहेबांना पुढचं यंत्र दाखवायला घेऊन गेलो.

पत्रातला डिझेलचा मुद्दा गळला. गच्चीवर सौरपॅनल बसले, त्यांच्यावर पार्किंगचे दिवे लागतात. उद्घाटनाच्या फोटोत मी आहे. हसतोय.

जनरेटर अजून रोज लागतात. सकाळी मी आलो की मावशी फाटकापाशी उभ्या असतात. रागावलेल्या नसतात — तेच मला समजत नाही. "साहेब, आज कवा लावणार? म्हाताऱ्याला देवळात नेऊन बसवते," एवढंच विचारतात.

मी वेळ सांगतो. त्यांना मात्र अगदी खरी सांगतो.