मर्व्हिनचा सायलेन्सर

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोचा निवृत्त गवंडी मर्व्हिन बारा वर्षं एकच जुनी मोटरसायकल दुरुस्त करतोय. रविवारी जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून घासाघीस करून आणलेला काळा सायलेन्सर सकाळपासून काही केल्या बसेना. बोटं सोलून निघाली, तसा त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"कुठल्या गाढवानं जोडलाय हा पाइप? वेल्डिंग आहे की शेणाचा पो!"

चहा घेऊन आलेली बायको ग्लेनिस वाकून बघू लागली. "ओळखीचं वाटतंय रे. जरा रंग खरवड बघू."

त्यानं रागारागानं खरवडलं. खाली, मोटरसायकल क्लबातल्या कुणी ढापू नये म्हणून कोरलेलं त्याचंच नाव निघालं.

"सहा वर्षांपूर्वी बसेना म्हणून तूच त्याच बाजारात विकलास," ग्लेनिस म्हणाली. "आणि नाचत घरी आलास, 'मारला एका गाढवाच्या गळ्यात!'"