हनुमानच्या गावात उतरायची जागा

मी कुणाचाही आवाज काढला की वरच्या मजल्यावरच्या कस्तुराआजी हसतात, म्हणून हॉटेलांचे अभिप्राय वाचायला मलाच बोलावलं. त्यांचा हनुमान वाळूजच्या कंपनीतून मेक्सिकोला गेलाय, मेरिदा नावाच्या जुन्या शहरात. तिथंच सून मोनिकाला मुलगा झाला. आता त्यानं आजी-आबांना पंधरा दिवस बोलावलं होतं आणि मोबाईलवर चार हॉटेलं धाडली होती. तीन शहरात, एक जवळच्या समुद्रावर. "आवडेल ते सांगा."

आजींना वाटलं, कुठं फिरायला गेलो तर एखादी रात्र काढायची जागा असंल.

निम्मं आयुष्य त्यांनी मेंढरांमागं काढलेलं. बिऱ्हाड कुठं उतरवायचं ते त्याच ठरवायच्या. आबा, म्हणजे मल्हारराव, घोड्यावरचं सामान तेवढं खाली घ्यायचे. त्यामुळं चिकलठाण्याच्या चौथ्या मजल्यावर बसून आजींनी मेक्सिकोची चौकशी चालू केली. पाणी कसंय? वारा कुठून येतो? मालक कसाय?

मी एका गोऱ्या बाईच्या आवाजात, नाकातून वाचलं, "चौकात रात्रभर गाणी. झोप नाही. कॉफी गार."

"ही बाई भांडखोर हाय. फुडं."

दुसऱ्याचा मालक देवमाणूस, पण नळाला थेंब थेंब पाणी.

"देवमानूस काय पियाचाय?"

तिसरं म्हणजे उंच छताचं जुनं घर, भिंतीत लोखंडी आकडे. तिकडं लोक झोळी टांगून झोपतात.

"आकडे हायेत?" आजी उठूनच उभ्या राहिल्या. नातवासाठी जुन्या लुगड्याची झोळी त्यांनी कधीच शिवून ठेवली होती. "हेच. लाव हनुमानला फोन."

हनुमान प्रत्येक वाक्याआधी 'ॲक्च्युअली' लावतो. फोन लागेपर्यंत मी ते करून दाखवलं. आबासुद्धा हसले.

"ॲक्च्युअली आई, छान निवडलंस. पंधरा दिवसांचं बुक करतो."

"पंधरा? आन् तुझ्या घरी कवा?"

"ॲक्च्युअली घर लहान आहे. मोनिकाला सवय नाही. इथं सगळे हॉटेलातच उतरतात."

"लेकरू कवा दिसंल मग?"

"रविवारी आणू ना आम्ही."

"बरं," आजी म्हणाल्या. फोन मीच बंद केला.

मग आबांनी आवाज काढला. त्यांना येतो हे मला माहीत नव्हतं. जाड, तोंडात पान धरलेला, कुठल्याशा बागायतदाराचा. "ए मल्हाऱ्या, मेंढरं बसव वावरात. खत पायजे आमाला. पन वसरीवर यायचं नाय."

हुबेहूब होता. मी हसले नाही.

आजींनी झोळीची घडी घातली. "ते समुद्रावरचं किती लांब?"

"गाडीनं पाऊण तास."

"तेच कळव त्याला. पोराच्या गावात लॉजवर बसून त्याच्या दाराकडं बघायचं, ते नको."

मी टाइप करत होते.

"तिथं हायेत का आकडे?"

"हायेत, आजी."

"मग म्हाताऱ्याला टांगू दुपारचं."

आबा खिडकीकडं तोंड करून बसले होते. तसेच म्हणाले, "लुगडं लई जुनं हाय. दोर तरी नवा घे."